लिंबो ‘रद्द’ झाले, असे म्हणता येईल का?

पोपने २००७ मध्ये लिंबो रद्द केले, हे विधान थोडे दुरुस्त करावेसे वाटते. लिंबो म्हणजे बाप्तिस्म्याविना (ख्रिस्ती धर्मात प्रवेश देणाऱ्या जलसंस्काराविना) दगावलेल्या अर्भकांना मृत्यूनंतर स्वर्ग नाही, पण यातनाही नाहीत, अशी मधली अवस्था; ती मध्ययुगीन धर्मपंडितांनी मांडली. कॅथलिक चर्चने ती श्रद्धासिद्धांत म्हणून कधीच घोषित केली नव्हती, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नव्हतेच. १९९२ च्या कॅटेकिझमने (चर्चच्या अधिकृत शिकवणुकीच्या ग्रंथाने) अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवले आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशशास्त्र आयोगाने त्यांच्या तारणाची आशा बाळगायला सबळ आधार आहे, एवढेच म्हटले. खात्री दिली नाही.

परंतु सिद्धांत नसलेल्या या मताची किंमत माणसांनी मोजली. आयर्लंडमध्ये अशा बाळांना चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा नसे. बहुधा बापच सूर्यास्तानंतर ते इवलेसे कलेवर ‘किलीन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आडबाजूच्या जागी पुरून येई, आणि खूण म्हणून उरे तो एखादा बिननावाचा दगड. त्या आयांपैकी कितीतरी जणी आशेचा हा शब्द न ऐकताच गेल्या, याचे मला फार वाईट वाटते.