22 वा आठवडा, साडेपाच किलो वाढले. रात्रीची पोळी बंद करू का?

निफाडकरीण:
उंची 154 सेंमी. दिवस राहण्याआधी वजन 66 किलो होतं, आता 71.5. बीपी 110/70, हिमोग्लोबिन 10.6, नवव्या आठवड्यातली साखरेची तपासणी नॉर्मल. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवायला सांगितलंय. घरी ‘दोन जिवांचं खा’ म्हणून रोज दोन डिंकाचे लाडू असतात, आणि द्राक्षांची पेटी तर समोरच. एकूण किती वाढलेलं चालतं? रात्रीची पोळी बंद करू का?

कॉलेजरोड:
10-12 किलो सगळ्यांचंच वाढतं. मोजत बसू नका, बाळाला लागतं ते.

नागलीची_भाकर:
कॉलेजरोड, सगळ्यांना एकच आकडा लावून चालत नाही. तो गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ठरतो. 18.5 च्या खाली असेल तर 12.5 ते 18 किलो, 18.5 ते 24.9 ला 11.5 ते 16, 25 ते 29.9 ला 7 ते 11.5, आणि 30 च्या पुढे 5 ते 9. हे 2009 चे अमेरिकन निकष, पण आपल्याकडेही सर्रास वापरतात. भारतीयांसाठी 25 पासूनच स्थूलता धरतात, म्हणून काही डॉक्टर याहून कमी आकडा सांगतात. तसं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

ताई, तुमचा बीएमआय 27.8 येतो. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो, पुढे आठवड्याला साधारण 280 ग्रॅम, या हिशेबाने आत्तापर्यंत साधारण तीन ते साडेचार किलो अपेक्षित होते. तुमचे साडेपाच झालेत, म्हणजे थोडं पुढे. उरलेल्या 18 आठवड्यांत 280 ग्रॅमचा वेग राखला तरी शेवटी साडेदहाच्या आसपास थांबाल. त्यामुळे वजन उतरवायचं नाहीये, फक्त वेग आवरायचाय.

पोळी अजिबात बंद करू नका. रात्री उपाशीपोटी झोपलं की सकाळी पित्त आणि मळमळ, मग भुकेपोटी जे हाताला लागेल ते खाल्लं जातं. कात्री लाडवांना लावा. तूप, खोबरं, डिंक, गूळ घातलेल्या मध्यम लाडवात सहज 200 कॅलरी असतात. या दिवसांत जास्तीच्या लागतात त्या दिवसाला सुमारे 350, आणि दोन लाडू त्या एकट्यानेच संपवतात. प्रथिनं मात्र त्यातून फारशी मिळत नाहीत. सासूबाईंना सांगा, डिंकाचा लाडू खरा बाळंतिणीचा, तेव्हा हक्काने मागेन! तोवर अर्धा पुरे. त्याजागी वाटीभर शिजवलेली मटकीची उसळ, दोन पूर्ण उकडलेली अंडी किंवा दही. एका वेळी पोळीऐवजी नागलीची (नाचणीची) भाकरी चालेल, कॅल्शियम चांगलं मिळतं. उपवासाची साबुदाणा खिचडी आणि भगर म्हणजे बहुतेक पिष्टच, त्या दिवशी शेंगदाण्याची आमटी आणि ताक हवंच.

द्राक्षं बंद नाहीत. भरपूर पाण्यात नीट चोळून धुवा आणि एका वेळी 15-20 मणी घ्या. 100 ग्रॅममध्ये साधारण 16 ग्रॅम साखर जाते. पेटीतून येताजाता तोंडात टाकली की मोजमाप राहत नाही, म्हणून वाटीत काढून घ्या. रस नको. बेदाण्यात तीच साखर चौपट दाटते.

परिचारिका_सिडको:
हिमोग्लोबिन 11 च्या खाली आहे, म्हणून हेही पाहा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा नको, लिंबूपाणी चालेल. शौच काळं होतं, त्याला घाबरू नका.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर करा. ओपीडीत जेवून चपलांसकट उभं राहिलं की किलोभराचा फरक पडतो. पण घरच्या काट्यावर एका आठवड्यात किलोच्या वर उडी दिसली तर तो लाडवांचा दोष नसेलही, अंगात पाणी साचत असू शकतं. संध्याकाळी पाय सुजणं नेहमीचं. सकाळीच तोंड-हात सुजलेले, अंगठी रुतते, डोकं दुखायचं थांबत नाही, डोळ्यांपुढे चमकतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, किंवा बीपी 140/90 किंवा त्याहून जास्त, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी.

डॉक्टरांची मनाई नसेल तर रोज अर्धा तास चाला. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली तर वेग जास्त आहे. मार्चनंतर ऊन चढायच्या आत उरका.

निफाडकरीण:
आभार. साखरेची तपासणी एकदा झालीये, परत लागेल?

परिचारिका_सिडको:
लागेल, 24 ते 28 आठवड्यांत. ही साखर वाढते ती वारेच्या (प्लासेंटाच्या) संप्रेरकांमुळे, म्हणजे हार्मोन्समुळे, आणि त्यांचा जोर याच सुमाराला चढतो, म्हणून नवव्या आठवड्यातल्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत संपवायचं. या पद्धतीत उपाशी जावं लागत नाही. दोन तासांनी रक्त घेतात, साखर 140 किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मधल्या दोन तासांत तिथेच बसून राहा, कोपऱ्यावर मिसळ खाऊन येऊ नका.