दोन कुत्री घेऊन नागपूरला येतोय, नोकरी मिहानला: भाड्याचं घर कुठल्या भागात बघावं?

लॅब_आणि_गावठी

मेच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला यायचं आहे. सोबत दोन कुत्री आहेत. एक नऊ वर्षांची लॅब्रेडॉर, ३२ किलो, मागच्या पायांचे सांधे दुखतात, जिना चढत नाही. दुसरा तीन वर्षांचा गावठी नर. नसबंदी झाली आहे, पण अनोळखी कुत्रं दिसलं की गल्ली डोक्यावर घेतो. दोघंही घरात मोकळी असतात.

बजेट २० ते २२ हजार. दलाल बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोडवरचे नवे टॉवर दाखवतोय. धरमपेठ-सिव्हिल लाइन्स बघा असं सगळे सांगतात, पण रोज मिहानला, म्हणजे दक्षिणेला विमानतळाजवळच्या औद्योगिक भागात, जायचं आहे. नागपूरच्या उन्हाळ्याचा अंदाज नाही. घर बघताना नेमकं काय तपासावं? आणि सोसायटीनं कुत्र्यांना नाही म्हटलं तर?

खामला_चौक

भागाच्या आधी मजला ठरवा. तुमच्या बाबतीत तर हाच मोठा प्रश्न आहे.

इथे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, आणि २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की रात्रीही घर निवत नाही. सगळ्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहतो. दलाल 'टॉप फ्लोअर, भरपूर हवा' म्हणून जे दाखवेल ते तुमच्या लॅबसाठी सगळ्यात वाईट. पश्चिमेकडची गॅलरीही तशीच.

तुम्हाला हवं आहे ते जुन्या एनआयटी (नागपूर सुधार प्रन्यास) ले-आउटमधलं स्वतंत्र घर: वर मालक, खाली भाडेकरू. वर अख्खा मजला असल्यामुळे तुमचं छत तापत नाही, जिना नाही, कंपाउंडला भिंत आणि फाटक असतं, एखादं कडुलिंबाचं झाड असलं तर सोन्याहून पिवळं. अशी घरं खामला, स्वावलंबीनगर, दीनदयालनगर, त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर या पट्ट्यात भरपूर आहेत आणि तिथून वर्धा रोडनं मिहानला जाणं सोयीचं आहे. बजाजनगर-लक्ष्मीनगर फिरवायला आणखी छान, पण भाडं चढं. अशी घरं दलालाकडे फार येत नाहीत, कारण मालक फाटकावर 'टू-लेट'ची पाटी लावून मोकळा होतो. एक दिवस काढून दुचाकीवर या गल्ल्या फिरा.

आत गेल्यावर तीन गोष्टी बघा.

कुलर कुठे बसतो? कुलर खिडकीबाहेर हवा, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी हवी, म्हणजे ओली हवा बाहेर जाते. नाहीतर तासाभरात खोली दमट होते आणि कुत्रं नुसतं धापा टाकतं. त्या समोरच्या खिडकीला पक्की जाळी पाहिजे. डासांची मऊ जाळी गावठी दोन पंजांत फाडेल. नव्या टॉवरमध्ये पुष्कळदा नुसती सरकती काचेची दारं असतात, तिथे कुलर बसतच नाही आणि दिवसभर एसी चालवावा लागतो. जुलैत हवा दमट झाली की कुलर निरुपयोगी होतो, तेव्हा एका खोलीत एसीचा पॉइंट असावा.

कुलरच्या अर्थिंगकडे दुर्लक्ष करू नका. लोखंडी बॉडीच्या कुलरचा शॉक लागून इथे दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. कुत्रं तर थेट टाकीलाच तोंड लावतं, ओल्या फरशीवर चार पाय टेकवून. फायबर बॉडीचा कुलर घ्या, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच) बसवून घ्या. खर्च फार नाही. मालक नाही म्हणाला तर स्वतःच्या पैशांनी करा, पण करा.

तिसरी गोष्ट फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर सांधे दुखणाऱ्या लॅबचे मागचे पाय फाकतात. जुन्या घरांतली शहाबादी किंवा मोझॅक थंडही असते आणि पकडही देते. टाइल्सच असतील तर झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅटचा पट्टा अंथरा.

बेसा-बेलतरोडीबद्दल: घरं नवी आणि मोठी मिळतात, पण बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. पाणी कुठून येतं, मेमध्ये टँकर लागतो का, त्याचे पैसे कोण देतं, हे मालकाला नाही, वॉचमनला विचारा. मोठा कुलर भर दुपारी तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो, त्यात दोन कुत्र्यांचं पिणं आणि अंगण धुणं धरा.

करारनामा_आधी

सोसायटीच्या प्रश्नाचं उत्तर: सोसायटी बंदी घालू शकत नाही, मालक नाही म्हणू शकतो. दोन्ही वेगळं आहे.

भारतीय पशुकल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यानुसार बहुमतानं ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी आणता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्टसाठी जादा पैसे मागता येत नाहीत. पट्टा लावा, शी उचला, एवढी अपेक्षा रास्त आहे. पण मालकानं करारातच 'पाळीव प्राणी ठेवणार नाही' असं लिहिलं आणि तुम्ही सही केली, की हे परिपत्रक तुमच्या कामाचं नाही. आणि मालक कुत्र्यांना राजी असला तरी सोसायटीचा सचिव विरोधात असेल तर भाडेकरूनं तिथे जाऊच नये. कायदा तुमच्या बाजूनं असेल, पण अकरा महिन्यांच्या करारात भांडत बसणं परवडत नाही; मालक नूतनीकरणच करणार नाही.

म्हणून तोंडी 'चालेल हो' वर थांबू नका. लिव्ह अँड लायसन्स (भाड्याच्या) करारात ही वाक्यं घाला; त्यात अनुज्ञप्तीधारक म्हणजे तुम्ही, अनुज्ञप्तीदाता म्हणजे मालक:

'सदर जागेत अनुज्ञप्तीधारक दोन कुत्री (एक लॅब्रेडॉर मादी, एक देशी नर) पाळणार असल्याची अनुज्ञप्तीदात्यास माहिती असून त्यास संमती आहे. केवळ या कारणावरून करार मुदतपूर्व रद्द करता येणार नाही. कुत्र्यांमुळे दारे, जाळ्या व रंगाचे नुकसान झाल्यास प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च अनामत रकमेतून वळता करता येईल.'

शेवटचं वाक्य तुमच्या विरोधात वाटेल, पण त्यानंच मालकाचा जीव भांड्यात पडतो. आत जायच्या दिवशी प्रत्येक दाराच्या खालच्या दोन फुटांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. ओरखडे तिथेच पडतात आणि जुन्या ओरखड्यांचे पैसेही तुमच्याच माथी येतात. कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे सक्तीची आहे आणि ती करून घेणं मालकाची जबाबदारी आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून भागवू नका.

आणखी एक, जे लोक संकोचून बोलत नाहीत. घरमालक वर राहत असेल आणि शाकाहारी असेल, तर कुत्र्यांसाठी चिकन-अंडी शिजणार का, हे आधीच स्पष्ट बोला. कुत्र्यांना हो म्हणणारी माणसं या एका गोष्टीवरून तिसऱ्या महिन्यात घर सोडायला सांगतात.

गोचीड_विरोधी

आजाराच्या बाजूनं सांगते.

नागपुरात गोचिडांचा ताप फार. एर्लिकिया आणि बबेसिया दोन्ही. गोचीड कुत्र्यावर फक्त रक्त प्यायला येते. अंडी भिंतीच्या भेगांत, चौकटीमागे, कुंड्यांखाली घालते. घर बघताना कंपाउंडच्या भिंतीचा गिलावा उखडला आहे का आणि आधीच्या भाडेकरूकडे कुत्रं होतं का, ते विचारा. भिंतीवर सरळ वर चढणारे बारीक तपकिरी ठिपके दिसले तर घर आधीच भरलेलं आहे.

घराशेजारी मोकळा प्लॉट असेल तर तिथे काय उगवतं तेही बघा. गाजरगवत असेल तर कातडी लाल होते, पोट आणि काखा खाजवून कुत्रं हैराण होतं. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळलं की खरा त्रास. कुसळाचं टोक बाणासारखं एकाच दिशेनं आत सरकतं, बोटांच्या बेचक्यात शिरलं की आपोआप बाहेर येत नाही. कुत्रं एकच पंजा सारखं चाटत असेल किंवा एकाच बाजूला डोकं झटकत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. चार दिवसांनी तिथे गळू होतं आणि भूल देऊन काढावं लागतं. अशाच प्लॉटमध्ये पावसात नाग आणि घोणस निघतात. बेसा, हुडकेश्वर, जयताळ्याच्या बाहेरच्या नव्या ले-आउटमध्ये हे जास्त, भरवस्तीत कमी.

दवाखान्याचं अंतर मोजा. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, माफसु, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीतला. अवघड केसला तिथे जावंच लागतं. पण तो शहराच्या पश्चिमेला आहे, तुम्ही दक्षिणेला असाल. त्यामुळे घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर रात्री फोन उचलणारा खाजगी डॉक्टर कोण, हे घर पक्कं करायच्या आधी शोधा. फोन करून थेट विचारा: रात्री अकराला उष्माघाताची केस आणली तर घेता का, सलाइन लावता का?

लॅबचं नॉर्मल तापमान साधारण ३८ ते ३९ अंश. ४१ च्या वर गेलं, हिरड्या विटकरी लाल झाल्या, लाळ चिकट झाली, चाल डगमगली, तर अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि निघा. बर्फात बसवू नका.

मेमध्ये येताय म्हणजे कुत्र्यांना सवय नाही आणि ऊन सगळ्यात कडक. पहिले दोन आठवडे पहाटे साडेपाचला आणि रात्री नऊनंतरच बाहेर काढा, तेही पंधरा मिनिटं. रस्त्यावर हाताची उलटी बाजू सात सेकंद टेकवून बघा. ठेवता येत नसेल तर पंजे भाजतील. इथले सिमेंट रस्ते रात्री आठलाही गरम असतात. जमत असेल तर कुत्र्यांना जूनअखेर, पाऊस पडल्यावर आणा.

पहाटेचा_फेरा

गावठीसाठी गल्ली निवडा, घर नंतर.

घर पसंत पडलं की त्या गल्लीत एकदा पहाटे सहाला आणि एकदा रात्री अकराला जा. दुपारी जाऊन उपयोग नाही, सगळी कुत्री गाड्यांखाली झोपलेली असतात. बघायचं ते हे: किती कुत्री आहेत, किती जणांच्या कानाला खाच आहे, खाऊ कोण आणि कुठे घालतं. कानाला खाच म्हणजे नसबंदी झालेली. पाच कुत्री, पाचही खाचवाली, रोज एकच बाई पोळी घालते, अशी गल्ली उत्तम. ती टोळी स्थिर असते आणि महिनाभरात तुमच्या कुत्र्याला ओळखू लागते. कोपऱ्यावर चिकनचं दुकान किंवा कचऱ्याचा ढीग असेल तर मात्र रोज नवी कुत्री येतात आणि भांडणं संपत नाहीत. असं घर फाटकासकट सोडून द्या.

फाटकही नीट बघा. खालची फट चार इंचांपेक्षा जास्त असेल तर बाहेरची कुत्री तोंड घालतात आणि तुमचा गावठी तिथेच उभा राहून दिवसभर भुंकेल. आतून तीन फूट उंचीपर्यंत पत्रा किंवा फायबर शीट लावून घ्या. एकमेकांना दिसणं बंद झालं की निम्मं भुंकणं थांबतं. सुरुवातीला दोघांना एकत्र फिरवू नका. लॅब हळू चालणार, गावठी ओढणार, आणि टोळी आली तर दोन पट्टे एका माणसाला आवरत नाहीत. गावठीला गळपट्ट्याऐवजी हार्नेस लावा.

लॅब_आणि_गावठी

फार उपयोगी. आणखी दोन घरं समोर आली आहेत. एक गोरेवाड्याकडे, मोठं अंगण, भाडं कमी. दुसरं अंबाझरी ले-आउटमध्ये तळमजला, अगदी तुम्ही सांगता तसं. बघू का?

खामला_चौक

गोरेवाडा नको. मिहान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, रोजचा प्रवास जीव काढेल. शिवाय जंगल लागून आहे आणि कुत्रं हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. बिबट्या तर मे २०२१ मध्ये थेट गायत्रीनगर-आयटी पार्कपर्यंत आला होता, आणि मिहानच्या आवारात नोव्हेंबर २०१९ मध्ये वाघ दिसला होता. म्हणून शहराच्या कडेला कुठेही राहिलात तरी कुत्री रात्री अंगणात ठेवायची नाहीत.

अंबाझरी ले-आउटचं घर बघा, पण २३ सप्टेंबर २०२३ लक्षात ठेवून. त्या पहाटे तलाव ओसंडून अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीत तळमजल्यांत पाणी शिरलं, लोक झोपेत होते. शेजाऱ्याला विचारा पाणी कुठवर आलं होतं. मालक नवा रंग मारून मोकळा झालेला असतो. कपाटाच्या मागची भिंत आणि दाराच्या चौकटीचा तळ बघा. लाकूड फुगलेलं असेल तर उत्तर मिळालं. हा प्रश्न तिथलाच नाही. शहरात अनेक ठिकाणी सिमेंट रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला आहे आणि तळमजल्याची घरं खड्ड्यात गेली आहेत. फाटकातून आत जाताना खाली उतरावं लागलं तर ते घर सोडा. दोन-तीन पायऱ्या वर हव्यात, तेवढ्या तुमच्या लॅबला उतार टाकून जमतील.

गोचीड_विरोधी

त्यात भर: घरात किंवा अंगणात एकदा जरी पुराचं पाणी आलं असेल तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) इंजेक्शन चालू असायलाच हवं. उंदरांच्या लघवीतून तो आजार पाण्यात येतो. पुण्यातल्या डॉक्टरांकडून लसीकरणाचं पुस्तक पूर्ण भरून घ्या, रेबीजची तारीख ठळक.

आणि घर ठरलं की सामानाच्या निदान आठ दिवस आधी किल्ली घ्या. भेगा पांढऱ्या सिमेंटनं बुजवा, कीटकनाशकाची फवारणी करा आणि कुत्री आणायच्या आधी घर पूर्ण सुकू द्या. प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून वजनाप्रमाणे गोचीड मारणारी फ्लुरालानरची गोळी द्या, ती बारा आठवडे चालते. लॅबला आणि गावठीला वेगवेगळी, एक गोळी दोघांत अर्धी करायची नाही.