लॉस बान्योसच्या नौदल परिचारिकांचं पुढे काय झालं?

प्रश्न (बी.एस्सी. नर्सिंग, नाशिक)

१२ मेला आमच्या कॉलेजात परिचारिका दिनाला मला दहा मिनिटं बोलायचंय. फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत राहिलेल्या अमेरिकी नौदलाच्या ११ परिचारिका हा विषय घेतलाय. पण वाचायला मिळते ती फक्त सुटकेची गोष्ट: २३ फेब्रुवारी १९४५ च्या सकाळी छत्रीधारी सैनिक उतरले, फिलिपिनो गनिमी सैनिक सोबत होते, लॉस बान्योसच्या छावणीतून २,१४७ जण बाहेर काढले. त्याआधीची तीन वर्षं या करत काय होत्या? आणि नंतर?

उत्तर (निवृत्त सिस्टर, पुणे)

बाळ, सुटकेला दोन वाक्यं दे आणि लॉरा कॉबवर बोल. मी लष्करी परिचर्या सेवेत होते, काही वर्षं कुलाब्याच्या नौदल रुग्णालयात, अश्विनीत. या बाईंबद्दल मला फार आदर आहे.

त्या मनिलाजवळच्या कान्याकाओ नौदल रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका, वय ४९. १० डिसेंबर १९४१ ला शेजारच्या काविते गोदीवर बॉम्ब पडले आणि जखमींचा लोंढा आला. जानेवारीत मनिलात सगळ्या कैद झाल्या. जपानी औषधं उचलून नेणार हे ओळखून कॉबबाईंनी क्विनीनवर खायच्या सोड्याची लेबलं लावून घेतली. हिवतापाच्या मुलखात क्विनीन गेलं की माणसं गेली. चुकीचं लेबल किती घातक असतं हे तुला पहिल्या वर्षापासून शिकवलंय ना? म्हणजे कुठल्या बाटलीत खरं काय आहे, ते प्रत्येकीला डोक्यात ठेवावं लागलं असणार.

मग मनिलातलीच सांतो तोमासची कैदी छावणी. मे १९४३ मध्ये ८०० पुरुष कैद्यांना लॉस बान्योसच्या शेतकी कॉलेजात हलवलं, तेव्हा दवाखाना उभा करायला या अकरा जणी आपणहून गेल्या. शेवटी शेवटी कैद्यांना सालासकट भात मिळे आणि तो कांडायचंही बळ नसे. बेरीबेरी, उपासमार. स्वतः अर्धपोटी असून यांनी दवाखाना चालू ठेवला. तुझी दहाही मिनिटं इथेच जायला हवीत.

उत्तर (एक वाचक)

बाराव्या नौदल परिचारिका ॲन बर्नाटायटसना विसरू नका. त्या लष्कराच्या शस्त्रक्रिया पथकाबरोबर बतान द्वीपकल्पावर होत्या, म्हणून मनिलात सापडल्या नाहीत. कोरेगिडोर हे अमेरिकी तटबंदीचं बेट पडायच्या तीन दिवस आधी, ३ मे १९४२ ला, स्पीअरफिश पाणबुडीतून निघाल्या. १९४५ मध्ये रिलीफ या रुग्णालय जहाजावर मुख्य परिचारिका म्हणून ओकिनावाला गेल्या. त्याच जहाजानं पुढे चीनमधून सुटलेले युद्धकैदी आणले. १९५९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाल्या, २००३ मध्ये वारल्या.

प्रश्नकर्ती

खूप आभार. ताई, बाकीच्यांचं पुढे? आणि अकराही नावं मिळतील का?

उत्तर (निवृत्त सिस्टर, पुणे)

कॉबबाई १९४७ मध्ये निवृत्त झाल्या, १९८१ मध्ये गेल्या. डोरोथी स्टिल सुटकेच्या दिवशी एका नवजात बाळाला सांभाळत होत्या. त्यांनी लग्न होताच नौदल सोडलं. पुढे नवरा गेला, पदरी तीन मुलं, तेव्हा पुन्हा नर्सिंगला लागल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक यायला १९९५ साल उजाडलं. पन्नास वर्षं! मला ते लागतं मनाला.

नावं सगळी वाच, घाई करू नकोस: लॉरा कॉब, मेरी चॅपमन, बर्था इव्हान्स, हेलन गोर्झेलान्स्की, मेरी हॅरिंग्टन, मार्गारेट नॅश, गोल्डिया ओहेव्हर, एल्डीन पेज, सुझी पिचर, डोरोथी स्टिल, एडविना टॉड.