मदत हवी आहे: गॅलियम आर्सेनाइडचा वेफर भट्टीतून दुधाळ होऊन निघतो

रबाळे_भट्टी: नमस्कार मंडळी. सिलिकॉनचे आयन आत घुसवलेला (इम्प्लांट केलेला) २ इंची वेफर, म्हणजे गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाची पातळ चकती (स्फटिकाची दिशा १००), स्फटिक सावरावा म्हणून ८५०° से. वर २० मिनिटं तापवायचा, म्हणजे अ‍ॅनील करायचा आहे. आडवी भट्टी, क्वार्ट्झ ट्यूब, फॉर्मिंग गॅस (५% हायड्रोजन, बाकी नायट्रोजन). वेफर उघडाच ठेवतो. बाहेर काढल्यावर आरशासारखी बाजू दुधाळ दिसते. ५०० पट मोठं करून पाहिलं तर चकचकीत गोल थेंब आणि एकाच दिशेला लांबट खड्डे. हवा शिरत असेल म्हणून गॅस मिनिटाला १ लिटरवरून ३ लिटर केला, तर थेंब वाढले! ट्यूब गळतेय का? शनिवारी पुढचा वेफर आहे.

वागळे_क्लीनरूम: गळती नंतर बघा, आधी गॅस कमी करा. साधारण ६५० अंशांच्या पुढे आर्सेनिक गॅलियमपेक्षा भराभर उडतं. वेफरजवळ त्याची वाफ साठली तर उडणं मंदावतं. तुमचा वाढवलेला झोत तीच वाफ वाहून नेतोय. मागे राहतं ते गॅलियम. ते २९.८ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ठाण्याच्या दुपारी बाहेर काढल्यावरही थेंब पातळच दिसतील.

खात्री करायची तर एक तुकडा हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पाणी १:१ मध्ये काही मिनिटं बुडवा. थेंब विरघळून नुसते खड्डे उरले तर ते गॅलियमच. पांढुरकी साय तशीच राहिली तर गॅलियम ऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजन किंवा ओल आत जातेय. मग सील आणि गॅसची लाइन तपासा.

शनिवारसाठी सोपा उपाय: ग्रॅफाइटच्या झाकणाच्या डबीत दुसरा चांगला गॅलियम आर्सेनाइड वेफर, त्यावर तुमचा वेफर उपडा, पॉलिश बाजूला पॉलिश बाजू. मध्ये एक कण जरी राहिला तरी फट पडते आणि तिथे गोल डाग उमटतो, म्हणून ठेवण्याआधी दोन्ही पृष्ठभाग तिरप्या उजेडात बघा. कडेची १-२ मिमी पट्टी तरीही खराब होईल, ती मापात धरू नका.

ठाणे_नायट्राइड: पुढे नेहमी करायचं असेल तर दोन्ही बाजूंना सुमारे १०० नॅनोमीटर सिलिकॉन नायट्राइडचा संरक्षक थर चढवा. सिलिकॉन ऑक्साइड नको, गॅलियम त्यातून बाहेर झिरपतं. नायट्राइडमध्ये हायड्रोजन जास्त राहिला तर तापवताना फोड येतात.

शिवाय थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ट्यूबच्या बाहेर असेल तर आकड्यावर विसंबू नका. वेफर नसताना छोट्या क्वार्ट्झ बोटीत अ‍ॅल्युमिनियमच्या तारेचा तुकडा ठेवून हळू चढवा. तो ६६० ला वितळायला हवा.

रबाळे_भट्टी: मनापासून आभार! तुकडा बुडवून पाहिला, थेंब गेले, खड्डे राहिले. ट्यूबच्या थंड टोकाला काळपट-पांढरा थर आहे, तो खरवडू का? आणि हीच डबी इंडियम फॉस्फाइड या दुसऱ्या अर्धवाहकाच्या वेफरला चालेल का?

वागळे_क्लीनरूम: कोरडा अजिबात खरवडू नका! तो आर्सेनिक आणि त्याचा ऑक्साइड आहे. नायट्राइल हातमोजे, मास्क, फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारं कपाट), ओल्या कापडाने पुसा, कापड बंद डब्यात. हा घातक कचरा आहे, तळोज्याच्या केंद्रात पाठवायचा, पालिकेच्या गाडीत नाही. वापरलेल्या आम्लात अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्त पडू देऊ नका, आर्सिन हा अतिविषारी वायू सुटतो.

इंडियम फॉस्फाइडला वेगळी ट्यूब, वेगळी डबी, खाली इंडियम फॉस्फाइडचाच वेफर. त्यातलं फॉस्फरस साधारण ३६० अंशांपासूनच पुढे पळतं, आणि थंड टोकाला साठलेलं पांढरं फॉस्फरस ट्यूब उघडताच हवेत पेटू शकतं.