मेणाआधी क्रीम

बुटांना चांगले मेणाचे पॉलिश नियमित लावले की चामडे मऊ राहते, हे मत मला अर्धेच पटते. मेण चकाकी देते आणि पाणी काही काळ अडवते. मऊपणा टिकवण्याचे काम मात्र तेलयुक्त क्रीमचे आहे, म्हणून क्रीम आधी लावावे आणि मेणाचा जाड थर फक्त टोकाला व टाचेला द्यावा, कारण चालताना बूट जिथे दुमडतो तिथे हा थर तडकतो.

इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माझ्या तपकिरी बुटांवर मी दर आठवड्याला नुसते मेणच चढवत गेलो (हौस दांडगी!) आणि मे महिन्यात घडीवर पांढुरक्या रेषा उमटल्या. राजवाड्याजवळच्या एका मोचीदादांनी जुना थर सॅडल सोपने (चामडे स्वच्छ करण्याच्या साबणाने) उतरवला, बूट सावलीत रात्रभर वाळवले आणि मगच क्रीम लावले, तेव्हा त्या रेषा गेल्या. स्वेडला, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याला, यातले काहीही लावू नये.