रेझिस्टरशिवाय एलईडी : ‘मखरवाला’ यांच्या सल्ल्याला सविस्तर उत्तर

खाडीकाठचा (दाभोळ)

‘मखरवाला’ यांनी परवा गणपतीच्या आराशीविषयी लिहिताना असा सल्ला दिला की, ७४एचसी५९५च्या (ओळीने आलेली माहिती आठ आउटपुटवर मांडणाऱ्या आयसीच्या) आठही आउटपुटना लाल एलईडी सरळ जोडावेत, मध्ये करंट रोखणारा रेझिस्टर घालू नये, कारण आयसी करंट आपोआप आवरते. आणि जास्त करंट पेलणारी यूएलएन२८०३ ही ड्रायव्हर आयसी वगैरे प्रकार म्हणजे ‘पुस्तकी लोकांचे चोचले’ आहेत. त्याखाली शाळकरी मुलांनी ‘धन्यवाद काका, पैसे वाचले’ असे लिहिलेले पाहिले नसते, तर मी गप्प बसलो असतो.

आयसी करंट आवरते, हे अर्धेच खरे आहे. लाल एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट पडतात आणि पुरवठ्याच्या पाच व्होल्टांपैकी उरलेले तीन आयसीच्या पोटातच जिरतात. एचसी मालिकेच्या आउटपुटचा आतला रोध पन्नास ओहमच्या घरातला असतो. करंट वाढला की तोही वाढतो हे धरले, तरी एलईडीतून ३० मिलीअँपिअरच्या पुढे करंट सहज जातो. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) एका आउटपुटची कमाल मर्यादा ३५ मिलीअँपिअर, आणि व्हीसीसी (५ व्होल्ट) किंवा ग्राउंडच्या पिनमधून जाणाऱ्या एकूण करंटची मर्यादा ७० मिलीअँपिअर दिलेली आहे. आठही एलईडी एकदम लागले, तर तुमचा हिशेब दोनशेच्या वर जातो आणि आयसीत पाऊण वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. शिवाय हे कमाल आकडे म्हणजे ‘इतका करंट घ्या’ अशी शिफारस नव्हे. आउटपुटचे व्होल्टेज नेमके किती राहील, याची हमी कंपनी ६ मिलीअँपिअरलाच देते.

रेझिस्टर लावला की काम झाले, असे समजणाऱ्यांनीही हिशेब करावा. ३३० ओहम लावले तर प्रत्येकी ९ मिलीअँपिअर होतात, म्हणजे आठांचे ७२, आणि मर्यादा तरीही ओलांडली जाते. १००० ओहम लावावेत; ३ मिलीअँपिअरवर हल्लीचे एलईडी मखराच्या आत डोळ्यांत भरण्याइतके लागतात. त्याहून जास्त उजेड हवा असेल, तर मग चोचले करावेच लागतील.

मखरवाला (वेंगुर्ले)

आपण दाभोळला बसून माझ्या मखराची चिकित्सा केलीत, याबद्दल आभारी आहे. माझी आरास दरवर्षी अनंत चतुर्दशीपर्यंत अखंड चालते, भजनाला आलेली मंडळी ती पाहून जातात आणि मुंबईहून आलेले चाकरमानी तिचे फोटो काढून नेतात. आजवर माझी एकही आयसी जळलेली नाही. डेटाशीट एका बाजूला आणि चालू मखर दुसऱ्या बाजूला असेल, तर मी मखरावर विश्वास ठेवीन.

रेझिस्टर टाळण्यामागे कंजूषपणा आहे असा जो सूर आपण लावला आहे, तो मला मान्य नाही. एका आयसीमागे आठ रेझिस्टर म्हणजे सोळा जास्तीचे जोड, आणि आमच्याकडे समुद्राची खारी हवा प्रत्येक जोडावर हिरवा गंज चढवते. श्रावणात पेटी उघडून पाहा, रेझिस्टरच्या तारा हातात तुटून येतात. ज्यांच्या घरापर्यंत लाटांचे तुषार येत नाहीत, त्यांनी जोड वाढवण्याचे सल्ले खुशाल द्यावेत.

खाडीकाठचा (दाभोळ)

आमच्या खाडीत गोडे पाणी असते, अशी आपली समजूत दिसते. असो. ठरल्यापेक्षा जास्त माणसे भरलेली होडी रोज पलीकडे सुखरूप पोचते, म्हणून होडीवर लिहिलेला आकडा खोटा ठरत नाही. गंजाचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरचा उपाय जोडांवर वार्निश मारणे हा आहे; रेझिस्टर काढून टाकणे हा नव्हे.

निवृत्त निदेशक (रत्नागिरी)

दोघांचेही मूळच चुकलेले आहे, म्हणून मध्ये पडतो. वाद रेझिस्टरचा नाहीच. एलईडी आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये जोडायचाच नसतो. तो ५ व्होल्ट आणि आउटपुट यांच्यामध्ये जोडायचा आणि आउटपुट ‘लो’ (शून्य व्होल्टजवळ) झाले की पेटवायचा. ७४०० हे जुन्या मालिकेतले साधे गेट ‘लो’ असताना १६ मिलीअँपिअर ओढून घेऊ शकते, आणि ‘हाय’ असताना त्याची हमी केवळ ०.४ मिलीअँपिअरची असते. एलएस मालिकेत हेच आकडे ८ आणि ०.४ आहेत. वरच्या ट्रान्झिस्टरला रेझिस्टरमागे बांधून ठेवलेले असते आणि खालचा मोकळा असतो, हे आम्ही आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात फळ्यावर काढून दाखवत असू. आता मुले चित्रफीत पाहून तारा खुपसतात आणि आपल्यासमोर आलेले हे दोन्ही विद्वान एलईडी ग्राउंडकडेच जोडून भांडत आहेत.

सोल्डरवाली (चिपळूण)

निदेशक सर, आपल्याविषयी आदर राखून लिहिते की, आपण सांगितलेले सर्व आकडे बरोबर आहेत आणि येथे ते लागू होत नाहीत. एचसी ही सीमॉस मालिका आहे; ७४०० आणि एलएसपेक्षा तिची आतली रचना वेगळी. तिच्या आउटपुटचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर सारख्याच ताकदीचे असतात, आणि डेटाशीटमध्ये दोन्ही बाजूंना एकच आकडा दिलेला असतो. त्यामुळे एलईडी कोणत्याही बाजूला जोडला, तरी आयसीला फरक पडत नाही.

आपल्या पद्धतीचा एक तोटा मात्र आहे. ५९५ची दहावी पिन ‘लो’ करून रजिस्टर (आयसीतली साठवण) पुसले की आत सगळी शून्ये होतात, आणि शून्याला एलईडी पेटत असल्यामुळे लॅच होताच (ती शून्ये आउटपुटवर उतरताच) आठही एकदम लागतात; म्हणजे ‘सगळे विझव’ असे सांगण्याच्या क्षणीच सर्वांत जास्त करंट जातो. वीज आल्याबरोबर रजिस्टरात काय असेल याचाही भरवसा नसतो, म्हणून मी आउटपुट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या तेराव्या पिनला १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावते आणि प्रोसेसर जागा झाल्यावरच आउटपुट उघडते. आमच्याकडे आषाढात वीज ज्या तालावर जाते-येते, तिथे हे फार उपयोगी पडते.

निवृत्त निदेशक (रत्नागिरी)

सारख्या ताकदीचे असतात, हे मला ठाऊक आहे. सीमॉस माझ्या निवृत्तीनंतर जन्माला आलेली नाही. पण तालुक्याच्या दुकानात जाऊन ७४एचसी०० मागून पाहा. दुकानदार खणातून ७४एलएस०० काढतो, ‘एकच असते सर’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. पिना त्याच, रूप तेच. फक्त तुमचा ग्राउंडकडे जोडलेला एलईडी मिणमिणतो आणि मग मुलगा तीन दिवस प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. ५ व्होल्टकडून जोडलेला एलईडी दोन्ही मालिकांत चालतो. जी पद्धत कोणत्याही खणातल्या आयसीवर चालते, तीच मी शिकवीन. रजिस्टर पुसताना सगळे पेटतात हे खरे. पण त्यासाठी पाठवण्याआधी बाइट (आठ एलईडींसाठीची आठ शून्ये-एके) उलटा करण्याइतकी अक्कल प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला असावी, अशी माझी माफक अपेक्षा आहे.

सोल्डरवाली (चिपळूण)

पुसण्याची पिन बाइट पाहत नाही, सर. ती थेट शून्येच करते. खणातल्या आयसीचा आपला मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि तो आपण पहिल्याच वेळी मांडला असता, तर आमच्या पिढीची चित्रफितींवरून उतरवलेली अब्रू वाचली असती.

हापूस५५५ (देवगड)

या सगळ्या चर्चेत ४०१७ (ठोके मोजत दहा आउटपुट पाळीपाळीने चालू करणारी आयसी) कोणी का आठवत नाही? नऊ व्होल्टची बॅटरी, ठोके देणारी एक ५५५, एक ४०१७ आणि दहा एलईडी. रेझिस्टर एकही नाही. धावत्या दिव्यांचे तयार संच असेच विकले जातात. मी शाळेच्या प्रदर्शनात असाच संच मांडला होता आणि तो अजूनही चालतो. सुरक्षितपणाच हवा असेल, तर दहाही एलईडींचे कॅथोड (ग्राउंडकडची टोके) एकत्र करून ग्राउंडला जाताना एकच रेझिस्टर घालावा. मखरवाल्यांचे जोडही वाचतील आणि दाभोळकरांचा जीवही शांत होईल.

खाडीकाठचा (दाभोळ)

मूळ गैरसमज कुठून आला, ते आपल्यामुळे तरी कळले. ४०१७च्या ४००० मालिकेचे आउटपुट मुळातच अशक्त असते; ५ व्होल्टवर त्याची हमी अर्ध्या मिलीअँपिअरच्या आसपास आहे, आणि नऊ व्होल्टवरही ते एका एलईडीला जेमतेम पुरते. त्यामुळे रेझिस्टर नसला तरी त्याचे निभावते. तीच सवय घेऊन एचसीकडे आलात की अंगलट येते, कारण एचसी त्याहून कितीतरी दमदार आहे.

एकाच रेझिस्टरची युक्ती ४०१७ला शोभते, कारण तिथे एका वेळी एकच आउटपुट ‘हाय’ असते. ५९५मध्ये कधी एक एलईडी लागेल, तर कधी आठ. एकच रेझिस्टर असेल, तर आठांच्या वेळी सगळे मंद होतील. आणि ४०१७मध्येसुद्धा नऊ व्होल्टवर पेटलेल्या एलईडीचा कॅथोड पाच व्होल्टच्या आसपास वर उचलला जातो, तर न पेटलेल्या नऊ एलईडींची दुसरी टोके, म्हणजे अॅनोड शून्यावर असतात. म्हणजे त्या नवांवर उलटे व्होल्टेज येते, आणि बहुतेक एलईडींची उलटी मर्यादा ५ व्होल्टच असते. बारा व्होल्टच्या अॅडॉप्टरवर हा प्रयोग कृपया करू नये.

हापूस५५५ (देवगड)

प्रदर्शनात परीक्षकांनीसुद्धा इतके प्रश्न विचारले नव्हते.

सोल्डरवाली (चिपळूण)

मखरवाले, एक करून पाहा. लाल एलईडी पेटलेला असताना मल्टिमीटर त्या आउटपुटला लावा आणि आकडा येथे लिहा.

मखरवाला (वेंगुर्ले)

लावला. २.२ व्होल्ट. बरे, मग काय झाले? मखरात ते व्होल्टेज वाचायला दुसरा कोणी बसलेला नाही, ते फक्त एलईडी पेटवते.

सोल्डरवाली (चिपळूण)

पाच व्होल्टवर दुसऱ्या एचसी आयसीला ‘हाय’ कळण्यासाठी साडेतीन व्होल्ट लागतात. म्हणजे तुमचे ते आउटपुट तर्काच्या दृष्टीने आता आउटपुट राहिलेलेच नाही. मात्र पुढच्या ५९५कडे माहिती नवव्या पिनमधून जाते आणि तिथे तुम्ही एलईडी लावलेला नाही, म्हणून तुमची साखळी चालते. इथपर्यंत तुमचे म्हणणे बरोबर आहे, हे मला नाइलाजाने लिहावे लागत आहे.

पण मग गेल्या वर्षी आरतीच्या वेळी दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते, अशी तक्रार तुम्हीच केली होती आणि विजेच्या चढउताराला बोल लावला होता, त्याचे काय? बरेच एलईडी एकदम लागले की आयसीजवळचे व्होल्टेज क्षणभर खचते आणि लॅचच्या तारेवर खोटा पल्स दिसू शकतो. सोळाव्या आणि आठव्या (५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या) पिनमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला आहे का?

मखरवाला (वेंगुर्ले)

नाही. तोही दोन जोडांचा आहे.

निवृत्त निदेशक (रत्नागिरी)

परमेश्वरा.

खाडीकाठचा (दाभोळ)

जोडांचीच भीती असेल, तर नऊ पिनांचे रेझिस्टर नेटवर्क मिळते. आत आठ रेझिस्टर असतात आणि त्यांचे एक टोक एकत्र आणलेले असते. सोळांऐवजी नऊच जोड होतात आणि त्यावर एकदा वार्निश मारले की चार-सहा वर्षे बघावे लागत नाही. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाणारे कोणी असेल, तर त्याला सांगून मूठभर आणवावीत.

सोल्डरवाली (चिपळूण)

नेटवर्कचे एकत्र टोक ग्राउंडला जाईल, म्हणजे प्रत्येक एलईडीचा कॅथोड सुटा असायला हवा. यांच्या पट्ट्यांवर कॅथोड आधीच एकत्र केलेले आहेत. त्यांना सुटे रेझिस्टरच अॅनोडच्या बाजूला लावावे लागतील.

मखरवाला (वेंगुर्ले)

ठीक आहे. यंदा १००० ओहमचे रेझिस्टर लावतो आणि तो कपॅसिटरही लावतो. आपले म्हणणे पटले म्हणून नव्हे, तर चतुर्थी आठवड्यावर आली आहे आणि मला ही चर्चा संपवून माटोळी बांधायची आहे. गंज चढला, तर फोटोसह येथेच टाकीन.

निवृत्त निदेशक (रत्नागिरी)

पट्ट्या खोलणारच आहात, तर त्याच हाताने एलईडी उलटे करून ५ व्होल्टकडून जोडा, आणि बाइट उलटा पाठवा.

मखरवाला (वेंगुर्ले)

खोलणार नाही, सर. रेझिस्टर आयसीच्या बाजूला लागतील आणि एलईडी ग्राउंडकडेच राहतील. आपल्याला एलएसचा खण दाखवणारा तो दुकानदार वेंगुर्ल्यात नाही. मी आयसीवरची अक्षरे वाचून घेतो.