मदत हवी आहे : सर म्हणतात, शिफारसपत्र तूच लिहून आण

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. भाचीला उन्हाळ्याच्या संशोधन कार्यक्रमाचा फॉर्म भरायचाय. शुक्रवारी मुदत संपते. बाकी सगळं झालंय, गाडं अडलंय शिफारसपत्रावर. सर म्हणाले, 'तू लिहून आण, मी सही करतो.' कुणाकडे नमुना असेल तर इथेच डकवा. नेटवर मिळाले ते सगळे एमबीएवाल्यांचे आहेत. जरा लवकर.

लोलक
कुठला कार्यक्रम? कुठला विषय? कितवं वर्ष? 'उन्हाळ्याचा संशोधन कार्यक्रम' म्हणजे 'पुण्याची बस' म्हटल्यासारखं झालं.

मानखुर्दकर
होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस असणार, म्हणजे विज्ञान पदवीच्या मुलांसाठीचा राष्ट्रीय उपक्रम. टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं) केंद्र, 2004 पासून चालवतात. आमचे चिरंजीव गेले होते. आधी शिबिर असतं, तिथे व्याख्यानं आणि प्रयोग. मग ज्यांना पुढे काम करायचंय त्यांना प्रकल्प आणि मार्गदर्शक, आणि सुट्ट्यांमध्ये पुन्हा तिथे जाऊन काम. बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. विषयागणिक अट वेगळी, सूचना नीट वाचा. राहायची सोय उत्तम. साताऱ्याकडून येणार असाल तर मुंबईच्या एसटीने वाशीला उतरायचं. पुढे हार्बरने खाडी ओलांडली की पहिलंच स्टेशन मानखुर्द. दादर-कुर्ल्याला वळसा घालत बसू नका.

भटकभवानी
बॅगा घेऊन वाशीला हायवेवर उतरायचं? त्यापेक्षा चेंबूरला मैत्री पार्क. तिथून रिक्षा.

मानखुर्दकर
मैत्री पार्कला संध्याकाळी रिक्षा मिळवून दाखवा, मग बोलू.

चिकूची_आई
बारावीला किती होते? बोर्डात वरच्या एक टक्क्यात असेल तर केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती बघा. वर्षाला 80,000. त्यातले 60,000 मुलांना, 20,000 उन्हाळी प्रकल्पापोटी. माझ्या पुतणीला मिळते.

कृष्णाकाठ
अहो, एसटी नकोय, शिष्यवृत्ती नकोय. पत्र हवंय. भाची एसवायला आहे, फिजिक्स. कार्यक्रम अकादमीचा. आता तरी सांगा.

लोलक
तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची. तीच ना? दोन महिने देशातल्या एखाद्या संशोधकाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन आणि प्रवासखर्च. मग पत्राला खरंच वजन आहे. मुलाखत नाही, म्हणजे निवडणाऱ्यांपुढे मुलगी नसते, फक्त कागद असतात. गुणपत्रिका सगळ्यांच्या सारख्याच दिसतात. उरतं तिला काय करायचंय ते सांगणारं तिचं टिपण आणि सरांचं पत्र.

निवृत्त_मास्तर
स्पष्ट लिहितो, राग नसावा. विद्यार्थिनीने स्वतःची शिफारस स्वतः लिहायची आणि गुरुजींनी खाली सही ठोकायची, याला शिफारस म्हणत नाहीत. मी उभ्या नोकरीत असं एकही पत्र दिलं नाही. आणि दुसरं, एवढ्या लांब पळायची घाई काय? आविष्कार संशोधन स्पर्धेत उतरवा. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने 2006 पासून चालू आहे, कॉलेजपासून आंतरविद्यापीठ फेरीपर्यंत जाता येतं. गावच्या नदीच्या पाण्यावर प्रकल्प करा, प्रदूषण मोजा, समाजाला उपयोग होईल.

उनाड_कण
मास्तर, मुलगी फिजिक्सची आहे, तिला पाण्यात कशाला ढकलताय? आणि आविष्कारचं बक्षीस घरी नेऊन पुढे काय करायचं, ते सांगायला कॉलेजात कुणी नसतं. अशा फेलोशिपमध्ये नेमका तोच माणूस भेटतो.
पत्राबद्दल. आपल्याकडच्या कॉलेजात एकेका सरांकडे तीन वर्गांची प्रॅक्टिकल्स असतात, वर नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली. त्यांना तुमच्या भाचीचं आडनाव आठवलं तरी पुष्कळ. माझं पत्र मीच लिहिलं होतं, पीएचडी अडली नाही.

निवृत्त_मास्तर
अडली नाही म्हणून बरोबर होतं, असा अर्थ होत नाही.

लोलक
दोघांच्या मधला रस्ता आहे. पत्र लिहू नका, सरांना एक पान मुद्दे द्या. कुठला पेपर शिकवला, कुठली प्रॅक्टिकल्स घेतली, आणि सरांच्या डोळ्यांदेखत घडलेली एखादी गोष्ट. सही करायला तयार असलेला माणूस समोर मुद्दे असले की चार वाक्यं स्वतःची लिहितोच.
कृष्णाकाठ, तिने काय काय केलंय?

कृष्णाकाठ
एफवायला 88 टक्के. अतिशय हुशार, मेहनती, शिस्तप्रिय. शाळेपासून पहिली.

उनाड_कण
या सगळ्याची पत्रात एक ओळसुद्धा नको. हुशार-मेहनती प्रत्येक पत्रात असते, आणि टक्के गुणपत्रिकेवर दिसतातच. काही बिघडलं होतं का? प्रयोग फसला, उत्तर चुकलं, सरांशी वाद झाला? भाचीला विचारा.

पैठणीचा_काठ
हल्ली इन्स्टावर संशोधन इंटर्नशिपच्या जाहिराती येतात, ऑनलाइन, घरबसल्या, प्रमाणपत्रासह. तसलं नाही ना हे? आमच्या शेजाऱ्यांनी मुलासाठी फी भरली. पोरगं महिनाभर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ बघत होतं.

लोलक
नाही. इथे पैसे तुम्हाला मिळतात, तुम्ही द्यायचे नसतात. फी मागितली की तिथूनच मागे फिरा.

कृष्णाकाठ
भाचीशी बोललो. ती म्हणते सांगण्यासारखं काही नाही. खोदून विचारल्यावर एवढं निघालं. लंबकाच्या प्रॅक्टिकलमध्ये सगळ्या वर्गाची गुरुत्वत्वरणाची किंमत 9.8 आली, हिची 10.8. बाकीचे म्हणाले, रीडिंग जुळवून टाक. हिने जर्नलमध्ये 10.8 लिहिलं आणि सरांकडून लाल शेरा घेतला. मग चार वाजता प्रयोगशाळा रिकामी झाल्यावर लॅब असिस्टंटकाकांना थांबवून पुन्हा बसली. दोरीची लांबी तपासली, घड्याळ बदललं, तरी तेच. शेवटी कळलं, घड्याळ चालू करताना ती 'एक' म्हणत होती, 'शून्य' नाही. वीस म्हणून एकोणीसच दोलनं मोजली जात होती. हे पत्रात कसं घालणार? चूकच आहे ना ती?

टोचणी
एकोणीस दोलनांचा वेळ विसाने भागला तर दोलनकाल कमी निघतो. किंमत वीस भागिले एकोणीसच्या वर्गाने वाढते, म्हणजे 1.108 पट. आपल्या भागात खरी किंमत 9.78 च्या आसपास, गुणून 10.84. मुलगी खरं सांगतेय. 9.8 सांगणाऱ्या बाकी वर्गाचं मात्र मला काही खरं वाटत नाही.

उनाड_कण
कसं घालणार काय, पत्र म्हणजे हेच! गोष्ट जशी घडली तशी सरांना लिहून द्या. वर एक ओळ, 'मी तिला दोन वर्षं प्रॅक्टिकलला शिकवतो.' मग हा किस्सा. मग एक कच्ची बाजू खरी खरी, उदाहरणार्थ प्रोग्रॅमिंग अजून शिकायचंय. शेवटी तिला कुठल्या प्रकारचं काम जमेल ते. एका पानाच्या आत. सगळं गोडगोड असलं की वाचणारा पुढच्या फाइलकडे वळतो.

निवृत्त_मास्तर
लाल शेरा देणाऱ्या सरांकडूनच पत्र घ्यायचं? ते हा किस्सा लिहितील?

लोलक
प्रश्न रास्त आहे. सर नाहीच म्हणाले तर एफवायच्या मॅडमकडे जा. मुलीला ओळखणारी व्यक्ती हवी, विभागप्रमुखाचाच शिक्का हवा असं नाही.

कृष्णाकाठ
सरांना मुद्द्यांचं पान आज कॉलेजात दिलं. वाचून हसले म्हणे. त्यांना ती संध्याकाळ आठवत होती, चावी लॅब असिस्टंटनी त्यांच्याच घरी नेऊन दिली होती. म्हणाले, 'पत्र मीच लिहितो, उद्या घेऊन जा.' लोलक, उनाड_कण, आभारी आहे. टोचणी, तुमचं गणित भाचीने वहीत उतरवून घेतलंय.

चिकूची_आई
छान झालं! पण इन्स्पायरचंही बघाच.

आडवाटेचा_राजा
धागा आत्ता पाहिला. बीएस्सी फिजिक्सनंतर बँकेच्या परीक्षा उत्तम. माझ्या भावाने...

कृष्णाकाठ
आता शेवटचं एकच. मार्गदर्शकांच्या यादीतून नावं निवडायची आहेत. भाचीला खगोलशास्त्र हवंय, ताई म्हणते पुण्याच्या बाहेर पाठवणार नाही. कुणाची नावं टाकू? उद्या शुक्रवार आहे.

लोलक
ही यादी तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती?

मानखुर्दकर
पुण्यात खगोलशास्त्र म्हणजे आयुका नाहीतर एनसीआरए, दोन्ही संशोधन संस्था विद्यापीठाच्या आवारात. स्वारगेटला उतरलात तर

भटकभवानी
शिवाजीनगर!